पुंगळी भरेल अशी पावडर: शिकारी रायफलीच्या हँडलोडिंगसाठी निवड कशी करावी

हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत प्रायमर, पावडर आणि बुलेट स्वतः भरायला, हात घालणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "सगळ्यात जास्त वेग कुठली पावडर देते?" शिकारीच्या रायफलीपुरता हा प्रश्न शेवटी यायला हवा. साधारण २,८०० फूट प्रतिसेकंद वेगाच्या बुलेटचा वेग ५० फुटांनी वाढला, तर ३०० मीटरवर बुलेट जेमतेम दोन सेंटिमीटर वर लागते. पण हिवाळ्यात बसवलेला बार (पुंगळीत घालायचं पावडरचं ठरलेलं वजन) उन्हाळ्यात रायफलीचा बोल्ट अडकवू लागला, किंवा लांब दाण्यांची पावडर मेजरच्या (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्राच्या) नळीत अडकून एका पुंगळीत कमी आणि पुढच्या पुंगळीत जास्त पडली, तर तो फरक खांद्यालाही कळतो आणि रायफलीलाही. म्हणून आधी पुंगळी, मग बुलेट, मग मॅन्युअल आणि सगळ्यात शेवटी वेग, या क्रमाने जायचं.

पुढचं सगळं धूरविरहित पावडर, बोल्ट ॲक्शनची सुस्थितीतली रायफल आणि कायद्याने परवाना असलेलं हँडलोडिंग, एवढ्यापुरतं आहे. कुठल्याही काडतुसासाठी किती ग्रेन पावडर घालायची, तो आकडा या लेखात मुद्दाम दिलेला नाही. तो पावडर आणि बुलेट बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा. इथे आहे ती निवडीची रीत.

सरपणाची उंची

पावडर निवडण्याआधी तुमचं काडतूस किती "खादाड" आहे ते कळायला हवं. त्यासाठी एक सोपं गणित करता येतं. पुंगळीची आतली जागा घ्यायची आणि ती रायफलीच्या नळीच्या व्यासाच्या नळकांड्यात ओतली तर किती उंच उभी राहील, ते काढायचं. तीच सरपणाची उंची.

मोजायची पद्धत अशी. तुमच्याच रायफलीतून उडालेली, वापरलेला प्रायमर (पावडर पेटवणारी तळातली टोपी) न काढलेली पुंगळी वजन करा. ती तोंडापर्यंत पाण्याने भरा, टिचकी मारून हवेचे बुडबुडे काढा, वर आलेला पाण्याचा फुगा टिपकागदाने सपाट करा आणि पुन्हा वजन करा. फरक म्हणजे पुंगळीची धारकता, ग्रेन पाण्यात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे ५६ ग्रेन पाणी म्हणजे सुमारे ३.६३ घनसेंटिमीटर. आता बुलेटच्या व्यासावरून नळीचं क्षेत्रफळ काढा. ७.८२ मिलिमीटर व्यासाला ते सुमारे ४८ चौरस मिलिमीटर येतं. ३,६३० भागिले ४८, म्हणजे जवळपास ७५ मिलिमीटर. ही .३०८ विंचेस्टर या काडतुसाची उंची.

याच रीतीने .२२३ रेमिंग्टनची उंची ७४ च्या आसपास येते, .३०-०६ ची ९२, ६.५ क्रीडमूरची ९६, .२७० विंचेस्टरची ११२, .२४३ ची ११७, .३०० विंचेस्टर मॅग्नमची १२४ आणि ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमची १३२. जुन्या .४५-७० ची उंची पन्नासच्याही आत राहते. पुंगळीच्या बनावटीनुसार दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतील, त्याने काही बिघडत नाही.

.२४३ आणि .३०८ शेजारी ठेवून बघा. दोघांची पुंगळी एकाच कुळातली, आतली जागा जवळपास सारखी, पण उंचीत चाळीस मिलिमीटरांचा फरक. कारण .२४३ ची नळी अरुंद आहे. बुलेट एक मिलिमीटर पुढे सरकली की मागे वायूला किती नवी जागा मिळते, ते नळीच्या क्षेत्रफळावर ठरतं. रुंद नळीत जागा भराभर उघडते, म्हणून पावडरही भराभर जळलेली चालते. अरुंद नळीत जागा हळू उघडते. तिथे जलद पावडर घातली तर वायू कोंडतो आणि बुलेट पुरती सरकायच्या आत दाब मर्यादेवर जाऊन भिडतो. जड बुलेटचंही तेच, ती हलायला जड म्हणून जागा हळू उघडते. थोडक्यात, उंची जितकी जास्त आणि बुलेट जितकी जड, तितकी पावडर हळू जळणारी हवी.

उंचीवरून पावडरचा गट

उंची पन्नासच्या आसपास असेल तर ४१९८ आणि ३०३१ या वर्गापासून बघायला सुरुवात करावी (हे आकडे म्हणजे पावडरींची नावं). सत्तर ते ऐंशीमध्ये ४८९५, ४०६४, व्हार्गेट, रीलोडर १५ आणि व्हिटावुओरी एन१४० ही मंडळी येतात. .२२३ मध्ये हलकी बुलेट असेल तर त्याहून जलद, एच३३५ किंवा एन१३३ च्या बाजूला सरकावं लागतं. नव्वद ते शंभर हे ४३५० च्या वर्गाचं माहेरघर आहे. .३०-०६ मध्ये १५० ग्रेनची बुलेट ४०६४ वरही छान चालते, १८० ग्रेनला मात्र ४३५० गाठावी. एकशे दहाच्या पुढे ४३५० आणि ४८३१ यांत चुरस असते. एकशे वीसच्या पुढे ४८३१, रीलोडर २२, एन१६५ आणि त्याहून हळू एच१००० यांचा प्रांत सुरू होतो.

हा गट म्हणजे नुसतं बोट दाखवणं आहे, चिठ्ठी नव्हे. ज्वलनवेगाच्या तक्त्यांचंही तसंच. त्या तक्त्यात क्रम असतो, अंतर नसतं. ४० आणि ४१ क्रमांकाच्या पावडरी जुळ्या असू शकतात आणि ४१ ते ४२ मध्ये मोठी दरी असू शकते. शिवाय एका काडतुसात जलद ठरलेली पावडर दुसऱ्या काडतुसात शेजारणीपेक्षा हळू वागते. तक्ता पाहून "शेजारचीच आहे, तेवढाच बार चालेल" असं म्हणणाऱ्याने पुढचं वाचायच्या आधी पावडरचा डबा कपाटात ठेवावा.

सारख्या आकड्यांचा घोळ तर स्वतंत्र सापळा आहे. एच४८३१ (एच म्हणजे होजडन) आणि आयएमआर ब्रँडची ४८३१ या वेगवेगळ्या पावडरी आहेत, आयएमआर ४८३१ जास्त जलद आहे. ४३५० आणि ४८९५ ही नावंही एकाहून जास्त ब्रँडच्या डब्यांवर दिसतात. आकड्याच्या आधीचं अक्षर हा नावाचाच भाग समजायचा. उलट एच४८३१ आणि एच४८३१एससी यांचा लोड डेटा (मॅन्युअलमधले बारांचे आकडे) एकच असतो. दुसरीचे दाणे फक्त आखूड कापलेले आहेत, मेजरमधून नीट पडावेत म्हणून.

मॅन्युअलचं पान वाचताना

गट ठरला की मॅन्युअलमध्ये तुमचं काडतूस आणि नेमकी तुमच्या वजनाची, शक्यतो तुमच्याच बनावटीची बुलेट शोधायची. वजन सारखं असलं तरी पूर्ण तांब्याची बुलेट शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असते. ती पुंगळीत खोल बसते, पावडरची जागा खाते आणि नळीशी वेगळं घर्षण करते. तिच्यासाठी तिचाच डेटा हवा.

पानावर प्रत्येक पावडरपुढे सुरुवातीचा बार, कमाल बार, त्यांचे वेग आणि बऱ्याचदा दाब दिलेला असतो. काही ठिकाणी पुंगळी किती टक्के भरते तेही असतं. वानगीदाखल तीन काल्पनिक ओळी घ्या. पावडर अ कमाल बाराला पुंगळी ८४ टक्के भरते आणि २,६०० फूट देते. पावडर ब ९७ टक्के भरते आणि २,७२० देते. पावडर क १०६ टक्के, म्हणजे दाबून भरावी लागते, आणि देते २,६९०. अ या पुंगळीसाठी जलद आहे. थोड्याशा वजनातच ती दाबाची मर्यादा गाठते, मग वाढवायला वाव राहत नाही. क हळू आहे. जागा संपली तरी दाब पुरता चढत नाही, आणि न जळलेले दाणे नळीत सापडतात. तुमची पावडर आहे ब.

अ आणि क यांपैकीच निवडायची वेळ आली तर शिकारीसाठी क कडे झुकावं. भरलेल्या पुंगळीचे फायदे वेगाच्या आकड्यात दिसत नाहीत. अर्धवट भरलेल्या पुंगळीत पावडर कधी प्रायमरपाशी गोळा होते, कधी बुलेटकडे घरंगळते. उतारावर नेम धरला आणि चढावर नेम धरला, तर प्रज्वलन वेगवेगळं होतं. ९० ते १०० टक्के भरलेल्या पुंगळीत पावडरला हलायला जागाच नसते. दुसरं म्हणजे, चुकून दोनदा पावडर पडली तर ती टेबलावर सांडते. पुंगळी अर्ध्याहून कमी भरणाऱ्या जलद पावडरीत दुप्पट बार निमूट मावतो, आणि पुढचं अरिष्ट चाप ओढल्यावरच कळतं.

दाबून भरायचे बार मॅन्युअलमध्ये असतील तेवढेच घ्यावेत. बुलेट बसवताना दाणे करकरतात, त्याची भीती नको. पण दोन दिवसांनी काडतुसाची लांबी पुन्हा मोजा. पावडर बुलेटला वर ढकलत असेल तर लांबी वाढलेली सापडेल. पुंगळीत पावडर ओतायच्या २० ते २५ सेंटिमीटर लांबीच्या वेगळ्या नळीतून ती हळूहळू ओतली तर दाणे नीट बसतात आणि बरीच जागा वाचते.

उलट टोकाचा धोका याहून गंभीर आहे. धक्का कमी व्हावा म्हणून मोठ्या पुंगळीत हळू पावडरीचा सुरुवातीपेक्षाही कमी बार घालणं, हे कधीच करायचं नाही. अशा बारांत अनियमित प्रज्वलनातून दाब अचानक उसळून रायफली फुटल्या आहेत. सुरुवातीचा बार ही खालची मर्यादा आहे. सौम्य बार हवा असेल तर त्यासाठी वेगळा प्रसिद्ध डेटा असतो. होजडन कंपनी एच४८९५ साठी कमाल बाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला स्वतःच मुभा देते, पण ती मुभा त्या एका पावडरीची आहे आणि कंपनीच्या नियमांसकट घ्यायची आहे.

दाण्याचा आकार आणि ऋतू

आता यादीत दोन-तीन पावडरी उरल्या असतील. त्यांच्यात निवड करताना दाणा बघा.

काडीसारख्या दाण्यांच्या पावडरी शिकारी रायफलीत सर्वाधिक वापरल्या जातात. दाणे लांब असले, जसे आयएमआर ४०६४ चे, तर मेजरचा दांडा फिरवताना दाणा कापला जातो, हाताला कचका बसतो, आणि त्या पुंगळीत वजन कमी-जास्त पडतं. अशा पावडरीचा प्रत्येक बार काट्यावर तोलायचा. मेजरमध्ये थोडा कमी टाकायचा आणि उरलेलं चिमटीने ट्रिकलरमधून (एकेक दाणा पाडणाऱ्या उपकरणातून) पूर्ण करायचं. शिकारीची वीस-तीस काडतुसं भरायला वेळ तो किती लागतो! गोल दाण्यांच्या पावडरी पाण्यासारख्या ओततात, मेजरमधून दर वेळी जवळपास तेवढ्याच पडतात. पण त्या पेटायला जरा हट्टी असतात, म्हणून त्यांच्या डेटामध्ये पुष्कळदा मॅग्नम, म्हणजे जास्त जोराने पेटणारा, प्रायमर दिलेला दिसतो. प्रायमर डेटामधला असेल तोच घ्या. साध्याच्या जागी मॅग्नम लावला की दाब बदलतो, आणि बार पुन्हा तळापासून चढवावा लागतो.

तापमानाकडे मात्र शिकाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडून देतात. काही पावडरी ऊन-थंडीला फारशा दाद देत नाहीत. व्हार्गेट, एच४३५०, एच४८३१, एच१००० या होजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पावडरी त्याचसाठी ओळखल्या जातात. त्या ऑस्ट्रेलियात बनतात आणि तिथे वेगळ्या नावांनी विकल्या जातात, व्हार्गेट तिथे एआर२२०८ आहे आणि एच४३५० तिथे एआर२२०९. जुन्या धाटणीच्या काही पावडरी, विशेषतः दुहेरी बेसच्या (नायट्रोसेल्युलोजसोबत नायट्रोग्लिसरीन असलेल्या) आणि बऱ्याच गोल दाण्यांच्या, एका अंश सेल्सिअसला दोन-अडीच फूट वेग बदलू शकतात. शून्यावर बसवलेला बार पस्तीस अंशांवर उडवला तर हा फरक ७० ते ९० फुटांवर जातो. नेम त्याने फारसा हलत नाही. दाब मात्र चढतो, आणि बार आधीच कमालीला टेकलेला असेल तर चढायला जागाच उरलेली नसते. म्हणून ऋतू बदलत जाणाऱ्या शिकारीला स्थिर पावडर घ्या. ती नसेल तर बार उन्हाळ्यातच बसवा, हिवाळ्यात थोडा वेग गेला तर जाऊ द्या. सलग दहा बार उडवून तापलेल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) काडतूस तसंच ठेवून बोलत बसू नका. ती पावडर तिथे भाजत असते.

आखूड नळीला जलद पावडर लागते, असा एक समज फार पसरलेला आहे. बुलेट नळीत पहिल्या काही इंचांतच असताना दाब शिखरावर पोचलेला असतो, त्यामुळे लांब नळीत जी पावडर सर्वाधिक वेग देते तीच बहुधा आखूड नळीतही देते. आखूड नळीत हळू पावडरीने नळीच्या तोंडाशी झोत आणि आवाज मात्र वाढतो. रायफल पहाटे-सांजवेळी वापरायची असेल, तर झोत कमी देणारी पावडर दहा-वीस फुटांच्या बदल्यात घेण्यात शहाणपण आहे. धक्क्याचंही एक गणित ध्यानात ठेवा. पावडरचं वजनही तोंडातून बाहेर पडतं, म्हणून सारखाच वेग देणाऱ्या दोन पावडरींत ज्या पावडरीचे ग्रेन कमी, तिचा धक्का थोडा कमी.

एक डबा, मग मोठा

निवडलेली पावडर आधी एकच पौंड घ्या. पौंडात ७,००० ग्रेन असतात. बार ५० ग्रेनचा असेल तर १४० काडतुसं होतात, आणि चाचणीला तेवढी पुरतात. पसंत पडली की त्याच लॉट क्रमांकाचा, म्हणजे त्याच खेपेत बनलेला, मोठा डबा मिळतो का पाहा. नव्या लॉटचा डबा उघडला की बार थोडा उतरवून पुन्हा वेग मोजायचा, कारण लॉटगणिक थोडा फरक पडतोच.

बार चढवायची रीत ठरलेली आहे. मॅन्युअलच्या सुरुवातीच्या बारापासून निघा. .३०८ च्या आकाराच्या पुंगळीत एकेक पायरी ०.३ ग्रेनची, .३०-०६ मध्ये ०.५ ची, मोठ्या मॅग्नममध्ये कमाल १ ग्रेनची ठेवा. काटा दर बैठकीला ज्ञात वजन ठेवून तपासा. प्रत्येक पायरीची तीन काडतुसं भरा, वेगळ्या डबीत ठेवा, वर बार लिहा. उडवताना क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावा. दाबाचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार वेगच असतो. मॅन्युअलची नळी २४ इंची आणि तुमची २२ इंची असेल तर तुमचा वेग ४०-५० फूट कमी यायला हवा. तो कमाल बाराच्या आधीच मॅन्युअलच्या कमाल वेगाइतका आला, तर तुमची रायफल दाबाच्या मर्यादेवर पोचली आहे, मग काट्यावरचा आकडा काही का असेना. तिथे थांबा.

पुंगळीवरच्या खुणा उशिरा बोलतात. .३०-०६ ची उद्योगाने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०८ ची ६२,०००. बोल्ट उचलायला जड जाऊ लागतो तोवर बहुतेक वेळा दाब सत्तर हजारांच्या आसपास गेलेला असतो. पुंगळीच्या तळावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाची चकाकणारी गोल खूण उमटली किंवा प्रायमरचा खळगा सैल झाला, तर दोन पायऱ्या मागे या. सपाट झालेला प्रायमर एकटाच पाहून घाबरू नका आणि न झालेला पाहून निर्धास्तही होऊ नका. काही प्रायमर मऊ असतात, आणि सौम्य बारातही पुंगळी चेंबरमध्ये सैल असली तर प्रायमर सपाट होतो. लष्करी पुंगळी वापरत असाल तर तिची भिंत जाड आणि आतली जागा कमी असते. तिच्यात तोच बार जास्त दाब देतो, त्यामुळे तिला खालूनच सुरुवात करावी.

तीन-तीनच्या गटात दोन शेजारच्या पायऱ्यांचे गट लक्ष्यावर सारख्याच जागी बसले, तर त्या दोघींच्या मधला बार धरा. वजनात ०.१ ग्रेनची चूक झाली तरी तो बार कुरकुरत नाही. अचूकतेच्या शेवटच्या इंचासाठी पावडर बदलण्याआधी बुलेटची खोली ०.५ मिलिमीटरने बदलून बघा. बऱ्याचदा दोष पावडरीचा नसतोच. मात्र बुलेट खोल बसवली किंवा नळीच्या खाचांना टेकवली की दाब बदलतो, म्हणून एक पायरी खाली येऊनच उडवा.

टेबलावर आणि कपाटात

टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. बाकी सगळे कपाटात. मेजरच्या टाकीवर पावडरचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, आणि काम संपलं की टाकीतली पावडर लगेच तिच्याच मूळ डब्यात ओतायची. रात्रभर टाकीत राहिलेल्या, चिठ्ठी नसलेल्या पावडरीची ओळख डोळ्यांनी पटत नाही. आयएमआर आणि एच या दोन्ही ४८३१ तळहातावर जवळपास सारख्याच दिसतात. ओळख नसलेली पावडर वापरू नये आणि दोन पावडरी कधी मिसळू नयेत.

डबा थंड, कोरड्या जागी, मूळ वेष्टणात, घट्ट झाकण लावून. उघडा राहिला तर पावडर वाळते, आणि वाळलेली पावडर जास्त जलद जळते. दर हंगामाच्या सुरुवातीला झाकण उघडून वास घ्या. चांगल्या पावडरीला सौम्य, दारूसारखा, ईथरकडे झुकणारा वास येतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, झाकणाखाली गंजासारखी तांबूस धूळ दिसली किंवा लालसर वाफ निघाली, तर आतला स्थिरकारक (पावडर सडू न देणारा घटक) संपला आहे. तो डबा त्याच दिवशी घराबाहेर काढायचा, आणि त्या पावडरीची भरलेली काडतुसंही वेगळी काढून ठेवायची.